दिवा लागला की बाप दोषी

४ नोव्हेंबर

आत्या,

वाकून नमस्कार केलाय असं समज. खरोखर वाकलो तर इथल्या धुळीतून परत वर येईन याची खात्री नाही.

तुझी अट पाळतोय. "मशीनचं दुखणं फोनवर सांगायचं नाही. फोनवर माणूस काय केलं ते सोडून काय वाटतं तेच सांगत बसतो," असं तू मागे सुनावलं होतंस. तसाही या खाणीत फोन लागत नाही. डिझेलचा टँकर दर आठवड्याला तुमच्या वर्कशॉपवरूनच इकडे येतो, तेव्हा पत्रं त्याच्या ड्रायव्हरच्या हाती. तो वाचेल, पण समजायला डोकं लागतं, त्यामुळे काळजी नाही.

काम असं आहे. इथे दोन मोठे लोडर आहेत, फोडलेला दगड उचलून डंपरमध्ये टाकणारे. एक बाबा चालवतात. दुसऱ्यावर एक ऑपरेटर आहे, त्याला मशीनपेक्षा स्वतःच्या केसांची काळजी जास्त. दोन्ही मशीन एकाच बनावटीची, बरोबरच आलेली, आणि दोन्ही सांभाळायला मी. बाबांच्या मशीनवर कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरचा कोड आला. समोर दिवा लागला, इंजिनाची ताकद निम्म्यावर आली आणि बादलीत दगड घेऊन बाबा चढावर अडकले. मी लॅपटॉप लावला, कोड वाचला, सेन्सर बदलला. विषय संपला.

संपला कसला! काही दिवसांनी ऑइलच्या दाबाचा कोड. तोही सेन्सर बदलला. मग पुन्हा कूलंटचा, माझ्या कोऱ्या करकरीत सेन्सरवर. मग टर्बोच्या हवेच्या दाबाचा. आणि केसवाल्याच्या मशीनवर एकही नाही, बरं का. तो बादली आपटतो, ब्रेक जाळतो, मशीनला पाणी दाखवत नाही, तरी त्याचं मशीन गुणी.

आता तूच विचार कर. सेन्सर सारखे, लॅपटॉप एकच, मेकॅनिक एकच. वेगळं काय? ऑपरेटर. मी पाळत ठेवली. परवा दिवा लागला, बाबा खाली उतरले, इंजिनाचं झाकण उघडलं आणि सरळ वायरींच्या प्लगांत हात घातला. काहीतरी हलवलं, दिवा गेला. मी विचारलं, तर म्हणाले, "बघत होतो." काय बघणार, डोंबल? मशीन उभं राहिलं की ऑपरेटरला आराम. ही जुनी माणसं अशीच. वय झालं, चढ नको वाटतो, मग दिवा लावायचा.

तुझ्या वर्कशॉपात प्लगला लावायचं सील मिळतं का? हात लावला की तुटतं ते. दोन-चार पाठव. एकदा रंगेहाथ पकडले की मलाही बोलायला तोंड राहील.

तुझा,
भाचा


१० नोव्हेंबर

चिरंजीव लॅपटॉपधारी,

आशीर्वाद वायाच जातात असं दिसतंय, तरी एक पाठवते.

पत्र वाचलं. टँकरवाल्यानेही वाचलेलं होतं. मला देताना म्हणाला, "बाई, बापाला पकडायला सील कशाला? बाप काय पळून जाणारे?" तेव्हा डोकं कुणाकडे आहे याचा हिशेब पुन्हा एकदा कर.

कोड म्हणजे काय ते तुला कुणी शिकवलंच नाही, की शिकवलं तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास? कोड म्हणतो, या वायरीवरून आलेला आकडा मला पटत नाही. एवढंच. सेन्सर मेला असं तो म्हणत नाही. सेन्सर, प्लग, वायर, सगळी वाट तपासायची असते. तू मात्र कोड वाचलास की सेन्सर बदलतोस. रोग रेड्याला, औषध पखालीला! असले भाग बदलणारे आमच्याकडेही पोत्याने आहेत. त्यांना मी झाडू देते आणि फरशी साफ करायला लावते, निदान वर्कशॉप तरी स्वच्छ राहतं.

आणि कोऱ्या सेन्सरवर तोच कोड पुन्हा आला, तेव्हाही तुझ्या टाळक्यात उजेड पडला नाही? उलट शोध लागला की बाप चोर. वा! लोकांचं आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं असतं. तुझं आपलाच बाप कार्टं.

माझ्या भावाला मी त्याला दात नव्हते तेव्हापासून ओळखते. त्याला आराम हवा असता तर तो सावलीत चादर टाकून झोपला असता आणि साइटच्या साहेबाला सांगितलं असतं, झोपलोय. दिवा लागल्यावर झाकण उघडून बघतो, कारण मशीन त्याच्या हाताखालचं आहे. तुझ्या केसवाल्याने कधी झाकण उघडलंय का? त्याला झाकण कुठल्या बाजूला असतं तेही माहीत नसेल.

सील मिळतं. देणार नाही.

आता एक काम कर. पहिला कोड आला त्या दिवसापासून तू मशीनला काय काय केलंस ते ओळीने लिही. कुठे मोजलं, कशाने मोजलं, कुठली वायर. तुझी मतं नकोत. ती माझ्याकडे रद्दीत भरपूर आहेत.

आत्या


१८ नोव्हेंबर

आत्या,

तुझ्या तोंडाला लागायची हौस नाही, म्हणून ओळीनेच लिहितो. वाचून झाल्यावर माफी मागितलीस तरी चालेल.

पहिल्या कोडच्या वेळी मी नुसता सेन्सर बदलून गप्प बसलो असं तुला वाटतं ना? नाही. मी शिस्तीत त्या इंजिनावरच्या सगळ्या सेन्सरच्या वायरी मोजल्या. कूलंट, ऑइल, टर्बो, इंधनाचा दाब, सगळ्या. एकही सोडली नाही. आणि तुमच्यासारखं प्लग काढा, तोंडं पुसा, परत बसवा, असलं बायकी शिवणकाम मी करत नाही. माझ्याकडे मीटरला लावायची सुई आहे. इंजिन चालू ठेवायचं, वायरीच्या रबरातून सुई टोचायची, आत तांब्याला लागली की आकडा मीटरवर. एका वायरीला एक क्षण. सेन्सर बदलल्यावर पुन्हा सगळं मोजून घेतलं. पुढचा प्रत्येक कोड आला तेव्हा तेच. माझ्याइतकं मोजमाप या खाणीत आजवर कुणी केलेलं नाही. केसवाल्याच्या मशीनवर कोडच नाही, त्यामुळे तिथे हात लावायची वेळ आली नाही.

मोजताना सगळे आकडे बरोबर असायचे. मी तिथून हललो, दोन-तीन दिवस गेले, की दिवा. म्हणजे मधल्या काळात तिथे कोण असतं? तूच सांग.

आणि तुझ्या भावाच्या "काळजी"चं म्हणशील तर ऐक. संध्याकाळी सगळे हातपाय धुतात, हे मशीन धुतात. जोराच्या पाण्याचा पाइप घेऊन इंजिनाच्या कानाकोपऱ्यात फवारा मारत बसतात. धूळ बसली की इंजिन तापतं म्हणे. डंपरवाले हसतात. मी लांब जाऊन उभा राहतो, लोकांना वाटायला नको हे आपले वडील म्हणून.

त्यांची चिंता सोड. साहेबांशी बोलून मी त्यांना सध्या हलकं काम मिळवून दिलंय. तेवढीच विश्रांती.

भाचा


२४ नोव्हेंबर

गाढवा,

आज आशीर्वाद नाही. मागचाही परत कर.

"हलकं काम" काय ते टँकरवाल्याने सांगितलं. माझा भाऊ फाटकावर लाल फडकं घेऊन डंपरना थांबा-जा करतोय. आणि साहेबाकडे "ऑपरेटर प्लगांशी छेडछाड करतो" अशी तक्रार कोणी केली, तेही त्यानेच सांगितलं. पोटच्या पोराने. मला लिहिताना मात्र "विश्रांती". लिहिताना लाज कशी वाटली नाही रे तुला?

आता तुझ्या शिस्तीचं ऐक. वायरीवर रबर असतं ते शोभेला नसतं. तू त्याला भोक पाडलंस. सुई काढलीस, भोक तसंच राहिलं. संध्याकाळी त्यावर जोराचं पाणी आलं, आत शिरलं आणि तिथेच बसलं. तांबं हिरवं पडलं, कुजलं, आकडा चुकला. आकडा चुकला की कोड, कोड आला की तू पुन्हा सुई घेऊन हजर, नवी भोकं पाडायला! मोजताना आकडे बरोबर यायचे, कारण तुझ्या धसमुसळ्या हातांनी वायर हलून तांबं तात्पुरतं टेकायचं. तुझ्या बापाचा हात लागला की दिवा जायचा तो त्याचमुळे. त्या मशीनशी छेडछाड एकच माणूस करत होता, आणि तोच पोलिस होऊन फिरत होता.

पहिला सेन्सर खरंच गेला असेल, पण पुढचे सगळे कोड तुझ्या सुईचे. केसवाल्याच्या मशीनला कोड का नाही? तिथे तुझा पाय लागला नाही म्हणून. नशीबवान मशीन.

"बायकी शिवणकाम" म्हणालास ना? त्याच शिवणकामावर आमच्याकडची मशीनं चालतात. प्लग काढून त्याच्या तोंडाशी मोजायचं असतं. वेळ लागतो, अक्कलही लागते, म्हणून तू सुई घेतलीस.

जिथे जिथे टोचलंस तिथे रबर सोलून बघ. हिरवी पूड दिसली नाही तर मी नोकरी सोडून तुझ्याकडे शिकायला येईन. दिसली, तर साहेबाकडे जा आणि काय झालं ते सांग. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीस, आता सुळीवरून उतरवायलाही तूच जायचं.

आत्या


२ डिसेंबर

आत्या,

सोललं. हिरवी पूड होती. सगळीकडे नव्हती, पण कोड आलेल्या तिन्ही ठिकाणी होती. एके ठिकाणी तर वायर हातातच तुटली.

सडलेले तुकडे कापले, नवी वायर जोडली, वरून पाणी जाणार नाही असं बंद केलं. केसवाल्याने काही दिवस चालवून बघितलं. दिवा नाही. झालं समाधान?

साहेबांनाही सांगितलं की वायरिंग खराब झालं होतं, ऑपरेटरची चूक नव्हती. ते म्हणाले, मग बसू दे त्यांना परत. म्हणजे मी माझ्याकडून सगळं केलं.

आता तुझ्या लाडक्या भावाचं ऐक. मी फाटकावर जाऊन म्हटलं, चला, मशीनवर बसा. तर नाही म्हणाले. म्हणाले, "नको रे. माझ्या हाताचंच काहीतरी चुकत असणार. तू यंत्र लावून बघितलंस, त्यात आलं ना? मला कळलं नसेल, पण हात लागला असेल." मी म्हटलं, अहो, वायरिंग होतं. तर म्हणतात, "ते वायरिंगही माझ्याच हाताने गेलं असेल. वय झालं. उद्या चढावर काही झालं तर कुणाचा जीव जायचा." आणि फडकं हलवून पुढचा डंपर सोडला.

चूक नाही म्हणून सांगतोय, तरी ऐकत नाहीत. अशा माणसापुढे डोकं आपटायचं किती? मशीन उभं आहे आणि ते त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. आता यात माझा काय दोष?

भाचा


८ डिसेंबर

माझा काय दोष म्हणणाऱ्या भाच्या,

"वायरिंग खराब झालं होतं." झालं होतं! आपोआप झालं, पाऊस पडतो तसं! कोणी केलं, ते वाक्यातून किती सफाईने गाळलंस. एवढी सफाई मशीनवर दाखवली असतीस तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. साहेबाने ऐकलं, मान हलवली, कारण त्याला दगड उचललेला हवा, कुणामुळे थांबला होता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण माझ्या भावाला आहे.

तुला कळतंय का तू काय केलंस? तू त्याची खुर्ची काढलीस ते एक वेळ सोड, खुर्ची परत मिळते. त्याचा स्वतःच्या हातावरचा भरवसा तू काढून घेतलास. आयुष्यभर ज्या हाताने त्याने मशीन चालवलं, तो हात त्याला आता परका वाटतोय, कारण पोराने सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याने त्याला फडक्यासकट फाटकाबाहेर काढलं असतं.

मला राग येतो तो तुझ्या अडाणीपणाचा नाही. अडाणी सगळेच असतात, शिकतात. तू त्याला विचारलंसुद्धा नाहीस. बोट दाखवलंस आणि मोकळा झालास. मला तुझी किळस आली, हे इथे लिहून ठेवते.

जा आणि त्याला सांग: सुई मी टोचली, भोकं मी पाडली, तक्रार मी केली, तुमचा हात कुठेच नव्हता. "मी" हा शब्द प्रत्येक वाक्यात आला पाहिजे. साहेबालाही तेच सांग.

आत्या


१६ डिसेंबर

आत्या,

सांगितलं. प्रत्येक वाक्यात "मी" घालून सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसले. म्हणाले, "कळलं मला. बापाची लाज राखायला स्वतःवर घेतोयस. नको घेऊस. तुझी नोकरी नवी आहे." मी म्हटलं, अहो बाबा, खरंच मी केलं. तर म्हणाले, "तू शिकलेला आहेस. तू असलं काही करशील होय?"

मी शपथ घेतली. त्यांचे डोळे भरून आले. आणखीच पक्कं बसलं डोक्यात.

आता ते फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक डंपरवाल्याला सांगतात की माझा मुलगा बापासाठी आळ अंगावर घेतो. काल चहाच्या टपरीवर दोघांनी माझी पाठ थोपटली. केसवाल्याने मला चहा पाजला. साहेबांना जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "असू दे, असू दे, घरचं आहे. पण मशीनला माणूस पाहिजे." एक तारखेला नवा ऑपरेटर येतोय, त्याला ते मशीन कायमचं देणार. मग बाबा फाटकावरच.

मला इथे सगळे चांगला मुलगा समजतात. त्यांच्याकडे बघवत नाही. बाबांकडे तर त्याहून नाही. तुझं पत्र खिशात ठेवलंय, निदान एक माणूस तरी मला ओळखतं म्हणून. लाज वाटते, आत्या. आता काय करू ते सांग. शिव्या नंतर दे.

भाचा


२१ डिसेंबर

भाच्या,

शिव्या नंतर देते, विसरणार नाही.

तू बोललास, इथेच चुकलास. तुझ्या तोंडातून आलेलं काहीही त्याला खरं वाटतं, फक्त तुझी चूक सोडून. कोडवर तुझं काय चुकलं होतं? आकड्यावर विश्वास ठेवलास, वाट तपासली नाहीस. आता वाट त्याला दाखव.

एक तारखेच्या आत त्याला फाटकावरून बोलावून आण. केसवाल्याच्या मशीनपाशी ने, जिथे तुझी सुई अजून लागलेली नाही. जवळ उभा कर, टॉर्च धरायला लाव. आणि तू जसं करत होतास तसं करायला घे. समजावू नकोस, रडू नकोस, तोंड बंद. विचारेल तेवढ्यालाच उत्तर दे.

डोळे माझ्या भावाला आहेत. फक्त तुझ्यावर लावून बसलाय, ते वायरीवर आण.

वायरीला खरोखर भोक पडलं तर ती तू स्वतःच्या पगारातून बदल.

आत्या


३० डिसेंबर

आत्या,

काल केलं.

बाबा आले, पण नेहमीसारखे लांब उभे राहिले. मी लॅपटॉप उघडला की ते लांबच जातात आणि बाकीच्यांनाही हटकतात, "सरका, त्याचं काम चाललंय." इतके दिवस मला त्यात मोठेपणा वाटायचा. त्यामुळेच त्यांनी माझं काम कधी बघितलंच नव्हतं.

मी म्हटलं, जवळ या, टॉर्च धरा. आले. वायरींचा जुडगा मोकळा केला, मीटरची सुई काढली आणि कूलंटच्या वायरीवर टेकवली. दाबणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"काय करतोयस?"

"व्होल्टेज बघतोय."

"भोक पाडून?"

"हो. मी असंच बघतो."

"अरे, मग पाणी नाही का जाणार आत?"

"जाणार." तू सांगितलं होतंस, विचारतील तेवढंच. टॉर्च वायरीवरून माझ्या तोंडावर आला.

"माझ्या मशीनलाही असंच टोचलंस?"

"हो."

"कुठे?"

"सगळीकडे. पुन्हा पुन्हा."

आत्या, त्यांनी माझं मनगट एकदम झटकलं. "नालायका!" म्हणाले. एवढ्या मोठ्याने की केसवाला केबिनमधून उतरून आला. "मी रोज धुऊन पुसून ठेवत होतो आणि तू आतून सडवत होतास? आणि वर मलाच फाटकावर उभं केलंस? मला वाटलं माझे हात गेले! रात्र रात्र हाताकडे बघत बसायचो मी! नालायका!" मला वाटलं कानाखाली बसणार. बसली नाही. टॉर्च माझ्या छातीवर आपटला आणि तरातरा निघाले.

वाटेत लाल फडकं केसवाल्याच्या गळ्यात टाकलं. साहेबांच्या खोलीत गेले, काय बोलले माहीत नाही, पण आवाज बाहेरपर्यंत येत होता. बाहेर आले आणि सरळ स्वतःच्या मशीनवर चढले. माझा हात मध्ये होता आधाराला, तो बाजूला सारला. इंजिन चालू केलं, थोडं कान देऊन ऐकलं, आणि पहिली बादली भरली ती अशी की एक दगड खाली सांडला नाही.

टपरीवर आता सगळ्यांना खरं काय ते कळलंय, त्यांनीच सांगितलं. कोणी पाठ थोपटत नाही. साहेबांनी मला लेखी दिलंय की तुमच्या वर्कशॉपात येऊन नीट शिकल्याशिवाय मी कुठल्याही वायरीला हात लावायचा नाही. तेव्हा पुढच्या टँकरबरोबर मीच येतोय. झाडू तयार ठेव.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. दुपारी जेवायलाही हाक मारली नाही, डबा घेऊन वर केबिनमध्येच बसले. काचेतून अधूनमधून खाली माझ्याकडे बघतात. तू लिहितेस ना, अगदी तसंच बघतात. बघू देत.

तुझा,
भाचा